बांडगूळ कोण?

आमच्या बांधावर शेंद्र्या नावाचा आंबा होता. फळ पिकलं की देठाकडून शेंदरी व्हायचं, म्हणून शेंद्र्या. दर उन्हाळ्यात आंबे उतरवून झाले की बाबा मला विळा देऊन झाडावर चढवायचे. काम एकच, बांडगूळ काढायचं. "झाडाचं रगत पेते ते," बाबा म्हणायचे. मी दहा-अकरा वर्षांचा. रक्त पिणाऱ्याला कापायला कोणत्या पोराला आवडणार नाही?

त्या झाडावर दोन प्रकारची हिरवाई उपरी होती. एकीची पानं आंब्यासारखीच, पण जाड आणि राखाडी झाक असलेली. तिला शेंदरी नळ्यांसारखी फुलं यायची. दुसरीची पानं लांब, चामड्याच्या पट्ट्यासारखी, मधोमध दुमडलेली. खाली पांढऱ्या, जाड, सुतळीएवढ्या मुळ्या सालीला चिकटलेल्या. आमच्या लेखी दोन्ही बांडगूळच. मी दोन्ही सपासप खाली टाकायचो.

एका वर्षी आजी झाडाखाली आली. मी टाकलेली पट्ट्यांची जुडी तिनं उचलली आणि वर बघून ओरडली, "काहून तोडतं रे याले? हे का झाडाचं खाते?"

बाबा म्हणाले, "माय, बांडगूयच हाय ते."

"बांडगूय ते तिकडचं. हे रासना व्हय. हे झाडावर बसते, झाडाले खात नाही."

बाबा हसले. आजीनं दोन जुड्या पदरात बांधून घरी नेल्या. बाकीचा ढीग बांधावर उन्हात पडून राहिला. पुढचे तीन-चार आठवडे घाटावरचं ऊन त्या ढिगावर तापलं. मृगाचा पहिला पाऊस झाला तेव्हा मी बैल घेऊन तिकडून गेलो, तर वाळून कोळ झाल्यासारख्या दिसणाऱ्या त्या पांढऱ्या मुळ्या ओल्या होऊन हिरव्या पडल्या होत्या. तोडून फेकलेलं झाड पाणी पीत होतं. मी बाबांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आजीचं बोलणं पुस्तकात सापडायला मला कॉलेजात जावं लागलं. खरं बांडगूळ आपलं मूळ फांदीच्या आत घुसवतं आणि झाडाचं पाणी, क्षार ओढून घेतं. त्याचं चिकट बी फुलटोच्या पक्षी या फांदीवरून त्या फांदीवर नेतो. आंब्यावर ते फार वाढलं तर फांदी वाळते, हे बाबांचं खरंच होतं. रासना मात्र सालीच्या आत एक मूळही घालत नाही. ती सालीला फक्त धरून राहते. पाऊस, दव, हवेतली धूळ, सालीच्या भेगांत कुजलेला पाला, एवढ्यावर तिचा संसार. मुळांवर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं, ते पावसाचं पाणी क्षणात शोषतं आणि धरून ठेवतं. बांधावरच्या त्या ढिगाचं कोडं तेव्हा उलगडलं. रासना ऑर्किडच्या कुळातली, म्हणजे आपल्या मराठीत आमरी.

तिचं फूल तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. उन्हाळ्याच्या शेवटी पानांच्या बगलेतून दांडा येतो. पाकळ्या पिवळसर हिरव्या, त्यांवर तपकिरी चौकटींची नक्षी, लुगड्यावर असावी तशी. मधली जीभ निळसर जांभळी. वास मंद, गोड. विल्यम रॉक्सबर्ग यानं १७९५ साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या झाडांच्या ग्रंथात तिला या चौकटींवरूनच नाव दिलं. पुढे १८२० साली रॉबर्ट ब्राऊन यानं 'वांडा' हा वंश छापला, आणि ज्या झाडावरून तो वंश ठरला ते हेच, आपल्या आंब्यावरचं. 'वांडा' हा शब्दही आपलाच, झाडावर वाढणाऱ्या झाडाला संस्कृतात 'वंदा' म्हणतात त्यावरून घेतलेला. सिंगापूरनं १९८१ साली 'वांडा मिस जोकिम' या संकरित फुलाला राष्ट्रीय फूल केलं. आसामात बोहाग बिहूला बायका आमरीचाच एक तुरा, कोपौ फूल, केसांत माळतात. आणि आमच्या जिल्ह्यात? आमच्या जिल्ह्यात पोराच्या हातात विळा देऊन तिला खाली पाडतात.

मला भांडायचं आहे ते आधी या शब्दाशी. मराठीत बांडगूळ ही शिवी आहे. फुकट खाणारा, दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, त्याला आपण बांडगूळ म्हणतो. ही शिवी ज्याला चिकटली त्याची चौकशी कोणी करत नाही. गायरानाला 'पडीक' म्हटलं की तिथलं गवत, त्यातले कंद, त्यावर चरणारी ढोरं, सगळं कागदावरून पुसलं जातं, तसंच हे. एक शब्द चुकीचा लावला की पुढची कुऱ्हाड आपोआप बरोबर ठरते.

आता ती राहते कुठे, ते बघा. ऑर्किड म्हटलं की लोकांना आंबोली आठवते, कास पठार आठवतं. महाराष्ट्रात ऑर्किडच्या शंभरावर जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक सह्याद्रीच्या, कोकणच्या. आंबोलीत पाऊस सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो; आमच्याकडे सात-आठशे पडला तरी आम्ही देवाला नारळ फोडतो. बुलढाणा म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेनं दोन तुकडे केलेला जिल्हा. वर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, ते घाटावरचे. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, ते घाटाखालचे. उत्तरेला संग्रामपूर, जळगाव जामोदकडे सातपुडा. अशा कोरड्या मुलखात जे ऑर्किड टिकलं त्याचं खरं तर कौतुक व्हावं. उन्हाळ्यात सागाचं पान गळतं, पळसाचं गळतं. रासनेचं पान तसंच राहतं.

पण तिची एक अट आहे. तिला म्हातारं झाड लागतं. शेंगेतून तिचं बी उडतं ते पिठासारखं, एका शेंगेत हजारोंनी. त्या बियात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. योग्य सालीच्या भेगेत पडलं आणि तिथे ठरावीक बुरशी भेटली तरच ते रुजतं, ती बुरशी त्याला पहिलं अन्न देते. मग फुलावर यायला कित्येक वर्षं. गुळगुळीत सालीच्या, पाच-दहा वर्षांच्या झाडावर हा मेळ बसणं अवघड. आंबा, मोह, चिंच, लिंब, ज्यांची साल आजोबांच्या टाचेसारखी भेगाळली आहे, ती तिची घरं. अशी झाडं जंगलात आहेत, आणि जंगलाइतकीच बांधावर, वाटेवर, देवळामागे, पाणवठ्यावर होती. 'होती' म्हणतो, कारण मी मोजत आलोय.

२०१९ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरचा एक वाघ १,३०० किलोमीटरहून जास्त चालून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. गळ्यात पट्टा होता, म्हणून त्याचं एकेक पाऊल कळलं. जगभर बातमी झाली. बोथ्याच्या जंगलाकडे लोक माना वळवून बघू लागले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? २०५ चौरस किलोमीटरच्या त्या रानाला पहिल्यांदा कोणी नावानं ओळखलं. पण त्याच रानाच्या बाहेर, बांधाबांधावर, दरवर्षी किती जुने आंबे पडले याची बातमी कुठे आली नाही. वाघ चालत येतो आणि चालत दुसरीकडे जातो. रासनेला पाय नाहीत. तिचं झाड पडलं की तिचा पत्ता संपला.

आणि झाडं पाडतं कोण? दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझंच सांगतो.

२०११ साली आम्ही भाऊ वेगळे झालो. बांध नवा पडला आणि शेंद्र्या नेमका दोघांच्या मध्ये आला. त्याच्या सावलीत सोयाबीनची चार-पाच तासं दरवर्षी पिवळी पडायची. फळं माकडं खायची. पोरीची फी भरायची होती. लाकडाचा व्यापारी आला, त्यानं झाडाला वेढा घालून मोजलं, बुंध्यावर थाप मारली आणि आकडा सांगितला. मी दोन दिवस घेतले. मग सही केली. त्या कागदावर माझी सही आहे, भावाची नंतरची आहे.

झाड पडलं तेव्हा रासना फुलावर होती. मशीन चालू होतं, भुसा उडत होता, आणि मोडलेल्या फांदीवर तो चौकटीचा तुरा तसाच उभा. व्यापाऱ्याच्या माणसानं पायानं बाजूला सारला. म्हणाला, "भाऊ, बांडगूय लय होतं तुमच्या झाडाले. वाळूनच गेलं असतं." मी काही बोललो नाही. लाकूड वीटभट्टीला गेलं. आजी तोवर नव्हती, हे बरं झालं म्हणू की वाईट, मला ठरवता येत नाही.

म्हणून शेतकऱ्याला शहाणपण शिकवायला मी येत नाही. ज्याला कापसानं बुडवलं, सोयाबीनच्या भावानं रडवलं, त्यानं बांधावरचं झाड विकलं तर त्याला फुलाची गोष्ट सांगणं निर्लज्जपणाचं आहे. बांधावरच्या जुन्या झाडाचा भार तो एकटा उचलतो आणि त्याची सावली, पाखरं, आमरी सगळ्यांची, हा हिशेबच वाकडा आहे. जुनं झाड राखणाऱ्याला वर्षाकाठी काही मिळालं असतं तर शेंद्र्या उभा असता. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. लिहितोय, कारण माझ्यासारखे हजारो आहेत.

पण जिथे फी भरायची नव्हती, पोटाचा प्रश्न नव्हता, तिथे काय झालं? आमच्या भागातला एक रस्ता रुंद झाला. दोन्ही कडांचे लिंब, चिंचा, एखाददुसरा वड, माझ्या आजोबांनीही मोठेच पाहिलेले, पंधरा दिवसांत आडवे झाले. मी तिथल्या एका साहेबांना विचारलं, या झाडांवर रासना आहे, काढून दुसरीकडे लावू द्याल का? ते म्हणाले, "काका, एका झाडाच्या बदल्यात आपण कितीतरी लावणार आहोत." कुठे लावली ते मी शोधलं. काही रोपं दिसली, जाळीच्या आत. जाळ्या चांगल्या होत्या.

या राज्यानं २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. लावावीत, जगवावीत, माझी तक्रार नाही. पण शंभर वर्षांचं झाड म्हणजे शंभर रोपं नव्हेत. म्हाताऱ्या झाडाच्या सालीत जे मुरलेलं असतं ते रोपवाटिकेत पिशवीत भरून मिळत नाही. घरातला म्हातारा गेला आणि कोणी म्हणालं, काळजी करू नका, दवाखान्यात आज दहा पोरं जन्मली, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

कायद्याचं म्हणाल तर कायदे आहेत. महाराष्ट्रात झाडं तोडण्याबद्दलचा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, मोह, चिंच, जांभूळ आहेत, तोडायला परवानगी लागते. पण परवानगीच्या कागदावर झाडाची जात लिहितात, घेर लिहितात. झाडावर कोण राहतं याचा रकाना नाही. ऑर्किडचं अख्खं कुळ साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणजे परदेशी व्यापारावर बंधन. रासना विमानानं जाताना तिला कागद लागतात. वीटभट्टीवर जाताना लागत नाहीत.

२००२ चा जैवविविधता कायदा तर थेट गावाच्या हातात आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती हवी, आणि गावातल्या झाडाझुडपांची, पाखरांची लोकजैवविविधता नोंदवही हवी. वर्षानुवर्षं ते झालं नाही, मग राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि वह्या धडाधड तयार झाल्या. एका गावची वही मी मुद्दाम मागून पाहिली. सुबक टाइप केलेली. कडुलिंब आहे, तुळस आहे, गुलमोहरही आहे. रासना नाही. गावातल्या एकाही म्हातारीला कोणी विचारलेलं नव्हतं. जी बाई मुळीच्या स्पर्शावरून बांडगूळ आणि रासना वेगळी सांगू शकते, तिला वगळून केलेली वही लोकांची कशी?

आता दुसरी तऱ्हा. जिला एक जण बांडगूळ म्हणून तोडतो, तिलाच दुसरा औषध म्हणून ओरबाडतो. 'रास्ना' हे आयुर्वेदातलं मोठं नाव, वातावरच्या काढ्यांतलं. पण त्या नावाखाली देशात वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. उत्तरेकडची रास्ना म्हणजे जमिनीवर वाढणारं एक झुडूप, त्याची पानं वापरतात, आणि भारताच्या आयुर्वेदिक औषधिकोशानं रास्ना म्हणून तेच धरलं आहे. दक्षिणेत कुलिंजनासारखा कंद रास्ना म्हणून चालतो. आणि काही भागांत आपल्या आंब्यावरच्या आमरीची मुळं. मी बाजारात पोत्यातून विकायला आलेल्या अशा मुळ्या पाहिल्यात. मुळ्या गेल्या की ते झाड संपलं, पान तोडल्यासारखं ते पुन्हा फुटत नाही. आजीही रासना वापरायची. पान गरम करून त्याचा रस दुखऱ्या कानात घालायची. ते औषध मी कोणाला सुचवत नाही, कानाला डॉक्टर दाखवा. पण ती एक पान घ्यायची आणि बाकी झाड तसंच ठेवायची, एवढं मात्र सांगतो.

तिसरी तऱ्हा शहरातल्या हौशी लोकांची. जंगलातून जुडी आणायची, बाल्कनीत नारळाच्या शेंडीवर टांगायची, फोटो काढायचा, मार्चमध्ये ती वाळली की फेकायची. रोपवाटिकेत वाढवलेली, शोभेची ऑर्किडं विकत मिळतात. हौस तिथे भागवा.

आता मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न. पारावर परवाच एकानं विचारला, "रासना नाही राहिली तं काय बिघडन?" मी खोटं उत्तर देणार नाही. तुमच्या सोयाबीनचा उतारा कमी होणार नाही. पाऊस थांबणार नाही. तिच्यावाचून जगता येईल. जसं माझ्या पोरांना शेंद्र्याच्या चवीवाचून जगता आलं. पण ती ज्या झाडावर आहे ते झाड किती जुनं, त्याची साल किती निरोगी, ते न सांगता ती सांगते. जिथून ती गेली तिथून म्हातारी झाडं आधी गेलेली असतात. आणि म्हाताऱ्या झाडांबरोबर ढोलीतले पोपट, पिंगळे, दुपारची सावली, पाणी प्यायला थांबायची जागा. हे सगळं एकेक करून गेलं, आणि दर वेळी कोणीतरी हेच विचारलं होतं, याच्यावाचून काय बिघडतं?

आणि ज्याला आपण खरं बांडगूळ म्हणतो, त्याच्याही बाजूनं एक वाक्य. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू आपली अंडी बांडगुळाच्या पानावर घालतं. फुलटोच्या त्याच्या फळावर जगतो. म्हणजे खाणारं बांडगूळसुद्धा कोणालातरी खाऊ घालतं. झाडाच्या जिवावर जगून झाडच मुळासकट विकणारा जीव या पंचक्रोशीत एकच आहे, आणि तो सही करतो.

मागणं फार नाही. बांधावरचं झाड विकायचंच असेल तर मशीन येण्याआधी एक तास द्या. रासनेच्या जुड्या मुळ्यांसकट सालीवरून अलगद सोडवा आणि पावसाच्या तोंडावर जवळच्या खरबरीत सालीच्या झाडाला सुतळीनं बांधा. सगळ्या जगत नाहीत, काही जगतात. रस्त्याची झाडं तोडायची असतील तर हे काम कंत्राटातच लिहा. गावची वही पुन्हा उघडा आणि म्हाताऱ्या बायांना समोर बसवून लिहा. बांधावर जुनं झाड राखणाऱ्याला मोबदला मिळावा असा ठराव ग्रामसभेत घ्या; पहिला ठराव कचऱ्यात जाईल, दुसरा घ्या. आणि पोराच्या हातात विळा देण्याआधी त्याला दोन पानांतला फरक दाखवा.

शेंद्र्या पडला त्या दिवशी मी दोन जुड्या उचलून आणल्या होत्या. अंगणातल्या लिंबाला बांधल्या. एक सडली. दुसरीनं दुसऱ्या पावसाळ्यात सालीला मूळ धरलं, सुतळी कुजून गळून पडली तरी ती राहिली. फुलायला आणखी तीन वर्षं लागली.

मागच्या उन्हाळ्यात शेजारचा पोरगा लिंबाचा पाला घ्यायला वर चढला होता. वरूनच ओरडला, "काका, लिंबावर बांडगूय झालं तुमच्या. काढून देऊ का? फुकट काढतो."

मी म्हणालो, "हात नको लावू. आधी खाली ये, सांगतो ते काय हाय."

तो उतरला. ऐकून घेतलं. मग पुन्हा वर चढला, फुलाला नाक लावलं आणि म्हणाला, "आमच्या मोहावर बी हाय हे."

तो मोह अजून उभा आहे. त्याच्या बापाला मी विचारलंय, व्यापारी येऊन गेलाय का. म्हणाला, येऊन गेलाय.